कृष्णेचा पूर: सांगलीत घर, दुकान आणि वखारीची तयारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगली शहर, सांगलीवाडी, हरिपूर आणि काठावरच्या गावांतून दर पावसाळ्याआधी हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं पूरपट्ट्यातल्या घरांना आणि दुकानांना धरून दिली आहेत. डोंगराकडच्या लोकांसाठी एक प्रश्न शेवटाकडे आहे.

तयारी कधीपासून करायची?

मे महिन्यात. २००५, २००६, २०१९ आणि २०२१ हे चारही पूर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य एवढ्या पट्ट्यातले आहेत. म्हणजे मृग लागल्यावर हाताशी सहा-सात आठवडे असतात, पण वायरमन, गवंडी, विमा एजंट आणि टेम्पोवाला हे चौघे जुलैत सापडत नाहीत. त्यांची कामं मे-जूनमध्ये उरकून घ्या.

इथे तर ऊन पडलंय. मग पूर कुठून येणार?

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसावर ठरत नाही. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या पाणलोटात काय कोसळतं त्यावर ठरतो. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, चांदोली धरणाचं पाणी घेऊन येणारी वारणा हरिपूरला मिळते, आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन पडते. पुढच्या नद्या भरून वाहत असल्या की सांगलीचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा तयार होतो. म्हणून कधीकधी वरचा विसर्ग कमी करूनही सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची पातळी तासन्‌तास हलत नाही.

छत्रीची गरज नसलेल्या दिवशी घरात पाणी शिरणं ही सांगलीची जुनी रीत आहे. आकाशाकडे बघून निर्णय घेऊ नका.

आयर्विनचे ४० आणि ४५ फूट म्हणजे नेमकं काय?

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. हे आकडे सगळ्या शहरासाठी एकच आहेत, पण तुमच्या उंबऱ्याची उंची त्यांना ठाऊक नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांत चाळीसच्या आसपासच सामान बांधायची वेळ येते. हरभट रोडवरच्या दुकानदाराला पंचेचाळीसला काहीच होत नाही आणि विश्रामबागेत तर पूर बातम्यांतच दिसतो. त्यामुळे 'धोका पातळी ओलांडली' ही बातमी कुणासाठी फार उशिरा येते, तर कुणासाठी फार लवकर. प्रत्येक घराचा आपला एक आकडा असतो आणि बाकीची सगळी तयारी त्याच्यावर बेतायची असते.

माझ्या घराचा आकडा कसा काढायचा?

सोपी वजाबाकी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. त्या वेळची पाण्याची रेघ तुमच्या भिंतीवर असेल तर जमिनीपासून तिची उंची मोजा. समजा रेघ सव्वाचार फुटांवर आहे. साडेसत्तावन्नातून सव्वाचार गेले, राहिले सव्वात्रेपन्न. म्हणजे आयर्विनला सव्वात्रेपन्न फूट झाले की पाणी तुमच्या फरशीला लागतं. गणित ढोबळ आहे, अर्धा-पाऊण फूट इकडे-तिकडे धरा, पण निर्णयाला तेवढं पुरतं.

रंग दिल्यामुळे रेघ गेली असेल किंवा घर नवं असेल तर शेजारच्याची खूण घ्या आणि ती गवंड्याच्या पाण्याच्या नळीने आपल्या भिंतीवर आणा. पारदर्शक लेव्हल नळी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, राहिला तर दोन्हीकडची पातळी चुकते. एक टोक खुणेशी, दुसरं तुमच्या भिंतीशी, दोन्हीकडे पाणी स्थिरावलं की खडूने रेघ मारा. अंतर जास्त असेल तर मधल्या खांबावर एक टप्पा घ्या. नंतर ती रेघ ऑइलपेंटने पक्की करा आणि शेजारी वर्ष लिहा.

एवढ्यावर काम संपत नाही. घरातून विश्रामबाग, कुपवाड किंवा मिरजेकडे ज्या रस्त्याने बाहेर पडणार, त्यावरचा सर्वांत खोलगट भाग कोणता आणि तो किती फुटांना बुडतो हेही काढा. बऱ्याच ठिकाणी घर कोरडं असताना चौकात कमरेएवढं पाणी असतं. उंबरा आणि रस्ता यांपैकी जो आकडा लहान, तोच तुमचा खरा आकडा.

आणखी एक. पाणी नेहमी नदीच्या बाजूनेच येतं असं नाही. नाले आणि गटारं उलटी वाहायला लागतात, शेरीनाल्याच्या बाजूला ते आधी दिसतं. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात नदी लांब असतानाही पाणी तुंबतं. तिथे आकड्याबरोबर जवळच्या नाल्यावरही नजर ठेवावी लागते.

'२००५ ला आमच्या पायरीला लागलं नव्हतं', मग काळजी कशाला?

२०१९ ला सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने केलं. २००५ ला आयर्विनला सुमारे ५४ फूट होते, २०१९ ला त्याहून साडेतीन फूट जास्त. लोकांनी सामान २००५ च्या खुणेच्या वर, टेबलावर आणि कट्ट्यावर ठेवलं आणि ते सगळं तिथेच भिजलं. २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास गेलं. जुनी खूण ही कमाल मर्यादा धरू नका. सामान हलवायचं तर २०१९ च्या रेघेच्या वर निदान तीन फूट, नाहीतर सरळ वरच्या मजल्यावर.

क्युसेक, टीएमसी, फूट: यातलं रोज काय बघायचं?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट; दिवसभर साडेअकरा हजार क्युसेक सोडलं की एक टीएमसी पाणी जातं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक सोडल्याची बातमी आली तर घाबरण्यासारखं काही नाही. सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले ते विचारा. धरण किती भरलंय, त्यात किती पाणी येतंय आणि किती सोडलंय, हे तीन आकडे एकत्र वाचा. नव्वद टक्के भरलेल्या धरणात आवक जावकीच्या दुप्पट असेल तर उद्या विसर्ग वाढणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीपर्यंत यायला ढोबळमानाने एक दिवस लागतो. मधल्या पातळ्या रोजच्या पत्रकात असतात: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, अंकली आणि म्हैसाळ. भिलवडी चढायला लागली की सांगलीकरांनी आवरायला घ्यावं.

आयर्विनची पातळी तासातासाला वहीत लिहा. तासाला तीन इंच म्हणजे चार तासांत एक फूट आणि दिवसात सहा फूट. हा वेग आणि तुमचा आकडा एवढ्यावरून हाती किती तास आहेत ते कळतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'आत्ताच सोडलं' असे आवाजी संदेश पुढे पाठवू नका. पाटबंधारे आणि जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात वेळ लिहिलेली असते, वेळ नसलेला आकडा निरुपयोगी.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का?

यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील. तुमचा फ्रिज कधी उचलायचा हे त्या वादावर ठरत नाही.

घरातलं काय आधी हलवायचं?

आकड्याच्या पाच फूट आधी हलवाहलव सुरू करा, तीन फूट आधी म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान मुलं आणि आजारी माणसं बाहेर काढा. डायलिसिसवर कुणी असेल तर त्याआधीच मिरजेत किंवा नातेवाइकांकडे सोय करा.

पहिल्यांदा कागद: सातबारा, आठ-अ, प्रॉपर्टी कार्ड, रेशनकार्ड, आधार, पासबुक, विमा पॉलिसी, शाळेचे दाखले. दोन प्लास्टिक पिशव्यांत एकात एक गुंडाळा, मोबाइलने फोटो काढून घराबाहेरच्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा. मग औषधं, पंधरा दिवसांची. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजविना चारेक आठवडे टिकतं, पण उन्हात आणि उकाड्यात नको; ओल्या फडक्याच्या माठात कोरडी बरणी ठेवून त्यात ठेवा.

जड वस्तूंपैकी इन्व्हर्टरची बॅटरी आधी. तिचं वजन पन्नास किलोच्या वर असतं, दोन माणसं लागतात, आणि आडवी केली तर ॲसिड सांडतं. फ्रिज रिकामा करून वर न्या. नेता येत नसेल तर दोरीने खिडकीच्या गजाला बांधा, कारण फ्रिज पाण्यावर तरंगतो, दारात आडवा होतो आणि नंतर दार उघडत नाही. आडवा न्यावा लागला असेल तर चालू करण्याआधी काही तास उभा राहू द्या.

गॅस सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो हे लोकांना खरं वाटत नाही. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचं भरून वजन तीस किलोच्या आसपास आणि तो पस्तीस लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि गच्चीत नेऊन ठेवा, नाहीतर साखळीने बांधा. नळी जोडलेली ठेवून गेलात तर तरंगणारा सिलिंडर नळी उपसून काढतो.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. रिकामी टाकी वाऱ्याने हलते आणि शिवाय नळाचं पाणी बंद पडल्यावर वापरायला तेच पाणी लागतं.

वीज कधी आणि कशी बंद करायची?

पाणी अंगणात आल्यावर, घरात येण्याआधी. मेन स्विच हात आणि पाय कोरडे असतानाच पाडायचा. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून मेनला हात लावू नका. तशी वेळ आली तर महावितरणला १९१२ वर कळवून डीपीवरून बंद करायला सांगा.

इथे एक चूक फार होते. मेन बंद केला म्हणजे घर मेलं असं समजतात, पण इन्व्हर्टर चालू असतो आणि खालच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट तसेच येत राहतात. इन्व्हर्टर आधी बंद करा, मग बॅटरीच्या तारा सोडवा. छतावर सौर पॅनेल असतील तर ऊन आहे तोवर त्यांच्या तारांत दाब असतो, मेनचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांचा डीसी आयसोलेटर (पॅनेलच्या तारा तोडणारा स्विच) कुठे आहे हे बसवणाऱ्याकडून मेमध्येच बघून घ्या.

तळमजल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. पुन्हा वायरिंग करायची वेळ आलीच तर तळमजल्याचे सॉकेट खुणेच्या वर घ्या आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं ठेवा. मग खालचं बंद करून वरचं चालू ठेवता येतं.

दारात वाळूची पोती लावून पाणी अडवता येईल का?

पावसाचं फूटभर साचलेलं पाणी असेल तर येईल. पोतं निम्म्याहून थोडं जास्त भरा, तोंड सैल बांधा, विटांसारखी सांधे मोडून रचा, आणि बाहेरून प्लास्टिक कागद जमिनीवर आडवा पसरून वर घ्या. गच्च भरलेली पोती एकमेकांत बसत नाहीत, फटीतून पाणी येतं.

महापुरात हा खटाटोप करू नका. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर दहा फूट रुंदीच्या भिंतीवर सव्वा टनाचा रेटा येतो. विटांची साधी भिंत त्याने आत पडू शकते. त्यापेक्षा दारं उघडी ठेवून पाण्याला आत-बाहेर वाट दिलेली बरी. सामान वर गेलं असेल तर पाणी आत आल्याने फरशीचं फारसं बिघडत नाही.

संडासातून आणि मोरीतून पाणी उलटं येतं. काय करावं?

सेप्टिक टँक भरला की असंच होतं. पाणी येण्याआधी कमोडमध्ये आणि मोरीच्या जाळीवर प्लास्टिक पिशवीत भरलेली वाळूची छोटी पोटली दाबून बसवा, वर वजन ठेवा. जमिनीखालची पाण्याची टाकी पूर्ण भरा आणि झाकणाची कड चिकणमातीने लिंपा. ती रिकामी ठेवली तर घाण पाणी आत शिरतं.

पाणी आणि खाणं किती साठवायचं?

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर. पाच माणसं, तीन दिवस: साठ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. नदीकाठची पाणी उपसा केंद्रं बुडाली की नळ बंद होतात आणि पूर ओसरल्यावरही काही दिवस बंद राहतात, त्यामुळे आठवड्याचा साठा करता आला तर करा. खायला शिजवावं न लागणारं: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर. भडंग तर सांगलीकराच्या घरी असतोच, पण तो तहान वाढवतो हे लक्षात ठेवा.

बाजारपेठेतल्या दुकानाची तयारी कशी करावी?

गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड, मारुती चौक या भागांत खरी अडचण माणसांची आणि गाड्यांची होते. पातळी पन्नासच्या पुढे निघाली की सगळ्यांना एकाच वेळी हमाल आणि छोटा हत्ती टेम्पो हवा असतो, भाडं तिप्पट होतं आणि तरी मिळत नाही. जूनमध्येच एका टेम्पोवाल्याशी आणि चार हमालांशी बोलून ठेवा, बयाणा द्या. माल कुठे न्यायचा तीही जागा ठरलेली हवी: विश्रामबाग किंवा कुपवाडकडची एखादी खोली, नातेवाइकाचा पोर्च, काहीही, पण किल्ली तुमच्याकडे असलेलं.

जुलै-ऑगस्टमध्ये तळमजल्यावर माल कमी ठेवा. गणपती, गौरी आणि दिवाळीची भरती लवकर करून ठेवण्याचा मोह होतो, तो आवरा. व्यापाऱ्याला एकगठ्ठा माल न घेता दोन हप्त्यांत पाठवायला सांगा.

हलवण्याचा क्रम किमतीवर नाही, किलोमागच्या किमतीवर ठरवा. आधी हिशेबाच्या वह्या, कॉम्प्युटरची हार्डडिस्क, धनादेश, शिक्के. मग हलका आणि महाग माल. जड आणि स्वस्त माल शेवटी, वेळ उरला तर. कॉम्प्युटर वर उचलून ठेवणं पुरेसं नाही, हिशेबाची प्रत दुकानाबाहेर हवी. रोलिंग शटरच्या मोटारीचं कंट्रोल पॅनेल वर घ्या, नाहीतर परतल्यावर शटर कापावं लागतं.

नोकरांची यादी, कुणाचं घर पूरपट्ट्यात आहे, कुणाला आधी सोडायचं हे लिहून ठेवा. ज्याच्या घरात पाणी शिरतंय त्याच्याकडून तुमचा माल उचलून घेणं बरोबर नाही आणि ते नीट होतही नाही.

हळदीची, धान्याची किंवा खतांची वखार असेल तर?

इथे माल भिजण्यापेक्षा मोठे धोके आहेत.

धान्याच्या वखारीत कीड मारायला सेल्फॉसच्या गोळ्या ठेवतात. त्यांना पाणी लागलं की फॉस्फीन हा जहाल विषारी वायू सुटतो आणि तो पेटूही शकतो. उरलेले डबे सगळ्यांत आधी आणि माणसं राहतात तिथून लांब हलवा. घरी नेऊ नका. वेल्डिंगवाल्यांकडचा कार्बाइड पाण्यात ॲसिटिलीन सोडतो, एका ठिणगीत भडका उडतो. न विझवलेला चुना पाणी लागताच पेटण्याइतका तापतो. कीटकनाशकांचे डबे फुटले तर सगळी गल्ली दूषित होते. दुकानात या चारांपैकी काहीही असेल तर पहिली खेप त्याचीच.

डाळ आणि तांदळाची पोती भिंतीला टेकवून थप्पी लावली असेल तर दाणे फुगून भिंतीला रेटतात. भिंतीपासून दोन फूट जागा सोडा, याने हवाही खेळते. हळद भिजली तर बुरशी धरते. हरिपूरच्या पेवांची (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची) २००५ च्या पुराने काय अवस्था केली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पूरपट्ट्यात जमिनीखाली माल ठेवू नये. साखर आणि गूळ पाण्यात विरघळून जातो, म्हणून ही पोती थप्पीत सर्वांत वर.

वर्कशॉपमधली यंत्रं हलवता येत नाहीत. मग?

लेथ किंवा प्रेस जागेवरच राहू द्या, फक्त मोटार आणि पॅनेल सोडवून वर घ्या. बोल्ट मेमध्ये एकदा ढिले करून बघा. गंजलेला बोल्ट पुराच्या रात्री निघत नाही. उघड्या घडीव भागांवर जाड ग्रीस थापा. परतल्यावर चिखल वाळायच्या आत धुवा, पुसा, तेल द्या. बुडालेली मोटार वाइंडिंग वाळवून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासल्याशिवाय चालवू नका. एक मेगओहमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवायची.

विमा काय घ्यावा?

घरासाठी भारत गृह रक्षा, आणि पाच कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या दुकानासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. दोन्ही १ एप्रिल २०२१ पासून आहेत आणि दोन्हींत पूर धरलेला आहे. दुकानदार फसतो तो कमी रक्कम दाखवून. माल वीस लाखांचा आणि विमा दहा लाखांचा असेल तर चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख मिळतात. थोडी तफावत चालते, निम्मी चालत नाही. मालाची कमाल किंमत श्रावणात किती असते ती धरून विमा काढा. खरेदीची बिलं आणि मालाचे तारखेसह फोटो घराबाहेर ठेवलेले हवेत.

गाडीच्या फक्त थर्ड पार्टी विम्यात पूर येत नाही. पूर्ण विम्यातही, पाण्यात गेलेलं इंजिन तुम्ही चालू करून बघितलंत आणि मोडलं, तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर जोडल्याशिवाय भरपाई अवघड. बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नका, ओढून न्या.

जनावरांचं काय?

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. कानातला बिल्ला नसेल तर आताच मारून घ्या, भरपाईच्या वेळी तोच विचारतात. जनावरं माणसांच्या आधी हलवा, कारण रस्ता बुडाल्यावर म्हैस बोटीत चढत नाही. एका म्हशीला दिवसाला पन्नास लिटर पाणी आणि पाच-सहा किलो कोरडी वैरण तरी लागते. कडबा उंचावर रचून ताडपत्री टाका. अगदीच नेता आलं नाही तर दावं सोडा. बांधलेलं जनावर गोठ्यातच मरतं, सोडलेलं पोहून उंचवटा गाठतं.

नदीवरची मोटार कधी काढायची?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. पाणी चढायला लागल्यावर काठ निसरडा होतो आणि दरवर्षी कुणीतरी मोटारीपायी जीव धोक्यात घालतं. केबलची टोकं टेपने बंद करून खांबावर बांधा, स्टार्टर पेटी घरी आणा.

वरच्या मजल्यावर थांबलं तर चालेल का?

पक्कं आरसीसी घर, तरुण माणसं, आठवड्याचं पाणी आणि मोबाइल चार्ज ठेवायची सोय असेल तर काही लोक थांबतात. आमचं मत: थांबू नका. चौथ्या दिवशी कुणाला ताप आला की बोट मागवावी लागते, आणि बोटी तेव्हा कमी असतात. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली. लाइफ जॅकेट नसेल किंवा बोट भरली असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा.

गुडघाभर वाहत्या पाण्यात चालू नका, पायाखालचं उघडं मॅनहोल दिसत नाही. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७.

साप आणि मगरी?

दोन्ही खरं आहे. कृष्णेत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीकडे येतात. दिसली तर वनविभागाला कळवा, गर्दी करून व्हिडिओ काढू नका. साप कोरड्या जागेच्या शोधात माळ्यावर, कपाटात, अंथरुणात शिरतो. परतल्यावर काठीने आपटत आत जा. चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, हात किंवा पाय न हलवता थेट शासकीय रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

आम्ही पाटणच्या डोंगराकडचे. आम्हाला नदीचा प्रश्न नाही.

तुमचा प्रश्न दरडीचा आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी रात्रीच्या कोसळल्या. घरामागच्या उतारावर नवी भेग, झाडं-खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा बंद पडणं, दारं-खिडक्या अडकायला लागणं, यांपैकी एकही दिसलं तर त्याच दिवशी, उजेड असताना शाळेत किंवा उताराखाली नसलेल्या घरात जा. इथे फुटांचा आकडा मदतीला येत नाही आणि वेळही मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर आधी काय?

घर मातीच्या भिंतींचं असेल तर आत जाऊ नका. ही घरं पाणी असताना उभी राहतात आणि उतरताना बसतात, कारण बाहेरचा आधार जातो आणि भिजलेली माती आपलं वजन पेलत नाही.

साफसफाईआधी फोटो: पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, प्रत्येक वस्तू, फ्रिज-टीव्हीचे सीरियल नंबर. तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका. फेकावाच लागला तर थोडा नमुना ठेवा.

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की टिकावाने काढावा लागतो. गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर गाळात उतरूच नका. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या, मनाने नाही. धुतल्यावर फरशी आणि भिंतीला ब्लीचिंग पावडरचं पाणी: दहा लिटरच्या बादलीत ३०० ग्रॅम. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात ॲसिड किंवा फिनेल मिसळू नका. गाद्या, उशा आणि उघडं धान्य टाकून द्या. वीज वायरमनने प्रत्येक बोर्ड उघडून, वाळवून तपासल्यावरच.

टाकी आणि विहीर कशी शुद्ध करायची?

आधी उपसून गाळ काढा. मग भरून दर हजार लिटरला दीडशे ग्रॅम टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडरच) टाका, रात्रभर ठेवा आणि ते पाणी सगळं सोडून द्या. पुन्हा भरल्यावर रोजच्या वापरासाठी हजार लिटरला पाच ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी ओता, अर्ध्या तासाने पाणी वापरा. पावडरला उग्र वास येत नसेल तर ती मेलेली आहे, दुसरी आणा. प्यायला मात्र उकळूनच.

भिंतींना रंग कधी द्यायचा?

दिवाळीला देऊ नका, कितीही वाटलं तरी. प्लास्टिकचा हातभर कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलेलं असेल तर ओल अजून आहे, आता रंग दिला तर महिन्याभरात पापुद्रे निघतील. कागद कोरडा निघाला की मग पुट्टी. आणि रंगाऱ्याला सांगून ठेवा, ऑइलपेंटची ती रेघ पुसायची नाही.